‘मेदामा नो माच्चान’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जपानी मूकपटांचा पहिला लाडका नट ओनोए मात्सुनोसुके (१८७५–१९२६). प्रेक्षक त्याला ‘मेदामा नो माच्चान’ म्हणत. याचं ‘वटारलेल्या डोळ्यांचा माच्चान’ असं भाषांतर चालेल का?

– ‘वटारलेल्या’ नको. डोळे वटारतात ते रागानं, समोरच्याला गप्प करायला. ‘मे’ म्हणजे डोळा, ‘तामा’ म्हणजे गोळा. जोडताना ‘ता’चा ‘दा’ होतो. अर्थ अख्ख्या डोळ्याचा, त्यामुळे ‘बुबुळ’ही बसत नाही. बलक न फोडता तव्यावर घातलेल्या अंड्याला जपानीत ‘मेदामायाकी’ म्हणतात, त्यावरून आकाराची कल्पना येईल.

या नावाचं मूळ काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारातल्या ‘मिए’त आहे. ऐन प्रसंगी नट मान फिरवून झटक्यात थिजतो, डोळे ताणून रोखतो आणि बाजूला फळीवर लाकडी ठोकळे कडाडतात. मात्सुनोसुके फिरत्या काबुकी मंडळीतला. क्योतोत नाट्यगृह चालवणाऱ्या माकिनो शोझो यांनी १९०९ मध्ये त्याला पडद्यावर आणलं. तेव्हा कॅमेरा हलत नसे. दुरून नट डोक्यापासून पायापर्यंत दिसे, म्हणजे चेहरा इवलासाच. अशा चौकटीत ते ताणलेले डोळे शेवटच्या रांगेतूनही ओळखू येत. ‘मिए’ला मात्र मराठी शब्द शोधू नका, तसाच ठेवा, ‘पवित्रा’ म्हटलं की कुस्ती आठवते.

– सहमत. ‘बटबटीत’मध्ये नावड आहे, ‘टपोरे’मध्ये सौंदर्याचं कौतुक. आपल्याकडे भोकरासारखे डोळे म्हणतात. त्यात गोलपणाही येतो आणि मायाही. ‘नो’ म्हणजे सरळ आपला ‘चा’. ‘चान’ हा लाडाचा प्रत्यय. तो ‘या’नं आणायला जाल तर गण्या-बाळ्यासारखी हेटाळणी डोकावते. बाळू, राजूच्या चालीवर नुसतं ‘मात्सू’ पुरे: ‘भोकरडोळ्यांचा मात्सू’. फार छान बसतं.

– उच्चाराचं राहिलं. ‘त्सु’ मराठी माणसाला जड जायचं कारण नाही, तो आपल्या ‘चुना’तला ‘चु’. ‘माच्चान’मधला च मात्र ‘चहा’तला. ‘सुके’तला उकार बोलताना जवळजवळ गळतो, ‘मात्सुनोस्के’ ऐकू येतं. लिहिताना ‘सुके’च ठेवा.

आणखी एक. त्याच्या नावावर हजाराच्या आसपास चित्रपट सांगतात. नुसता आकडा दिला तर वाचक आजच्या लांबीचे चित्रपट समजेल. सुरुवातीचे बरेच अगदी छोटे होते, तेव्हा तिथे ‘छोटे मूकपट’ लिहा. टोपणनाव एकदाच, पहिल्या उल्लेखात अर्थासह द्या, पुढे मात्सुनोसुके. ते डोळे बघायचे असतील तर १९२१ चा ‘जिराइया’ आज उपलब्ध आहे.