अनुभव धागा: साइट, ओटा आणि सहीचा रकाना (वास्तुरचनेतल्या बायका)

रेघोटी

आर्किटेक्चरच्या बहुतेक वर्गांत आता मुलीच जास्त दिसतात. पुण्यात कर्वे संस्थेनं तर १९९४ मध्ये फक्त मुलींसाठी आर्किटेक्चरचं कॉलेज काढलं. पण स्लॅब भरायच्या दिवशी साइटवर, किंवा परवानगीच्या नकाशाखाली सही करणाऱ्यांत, त्या मानानं बायका दिसत नाहीत. मध्ये गळती नेमकी कुठे होते ते या धाग्यात लिहू या.

सत्कार समारंभ नको. 'मला अमुक असं म्हणाला' हे किस्सेही भरपूर झालेत. काय अडतं, का अडतं आणि काय केलं की सुटतं, एवढंच लिहा. माप, कलम, हिशोब असेल तर सोन्याहून पिवळं. पुरुषांनीही लिहावं.

ओळंबा

साइटपासून सुरुवात करते. नेहमीचा प्रकार असा: बाई सूचना देऊन जाते, मुकादम मालकाला नाहीतर ऑफिसातल्या 'सरांना' फोन लावतो, फोनवर काहीतरी बदलतं, आणि पुढच्या भेटीला भिंत चार इंच सरकलेली असते. आवाज चढवून हे सुटत नाही. कागद लागतो.

तीन प्रतींचं कार्बनवालं साइट इन्स्ट्रक्शन बुक ठेवायचं, पानांना छापील क्रमांक असलेलं. प्रत्येक पानावर तारीख, ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन, सूचना, देणारीची सही, घेणाऱ्याची सही. एक प्रत साइटवर, एक ऑफिसात, एक मालकाला. आणि ठेकेदाराच्या करारात एक ओळ हवी: पुस्तकात न नोंदलेल्या बदलाचं बिल मंजूर होणार नाही. ती ओळ नसेल तर पुस्तक रद्दीत गेलं समजा. बदल पैशाला बांधला की सरांना जाणारे फोन कमी होतात.

दुसरं, स्लॅब तपासायला भरायच्या सकाळी जाऊ नका, आदल्या दुपारी जा. सकाळी मिक्सर फिरत असतो, माणसं रोजावर उभी असतात, आणि 'आता कुठं मॅडम' याला उत्तर नसतं. आदल्या दिवशी सळई बांधणाऱ्या फिटरला सुधारायला वेळ मिळतो. बघायचं काय? कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर: स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०, फूटिंगला ५०. सळईखालच्या कव्हर ब्लॉकच्या जागी खडी किंवा फरशीचा तुकडा सारलेला असेल तर तो काढायला लावा. वरच्या जाळीखाली सळईच्या खुर्च्या आहेत का ते बघा. बाल्कनी भिंतीबाहेर पुढे आलेली असते तिथे सगळा ताण वरच्या सळईवर असतो, आणि काँक्रीट ओतणाऱ्यांच्या पायाखाली नेमकी तीच दबते. मग काही वर्षांनी बाल्कनीच्या मुळाशी वरून तडा दिसतो.

क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले ठोकळे: १ ते ५ घनमीटर काँक्रीटला एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन. एक नमुना म्हणजे तीन क्यूब. टेकू किती दिवस ठेवायचे: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४. बीम ६ मीटरपर्यंत असेल तर १४, पुढे २१. हे आकडे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचे आहेत. दुकानात बहुतेक पीपीसी (पोझोलाना सिमेंट) मिळतं आणि ते सावकाश घट्ट होतं, म्हणून टेकू काढायची तारीख स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. सळईची जबाबदारी कागदोपत्री त्यांचीच आहे. पण त्यांचा माणूस आला नाही तर विचारणा आर्किटेक्टलाच होते.

गुण्या

मी ठेकेदाराच्या बाजूचा. ओळंबाताई, पुस्तकाचं अगदी बरोबर. पण फोन जातो त्याला आणखी एक कारण असतं: ड्रॉइंगवर माप अपुरं असतं. मोठ्या ए१ कागदाचा नकाशा छोट्या ए३ वर छापून पाठवतात, अक्षर वाचता येत नाही, मग गवंडी पट्टी लावून मोजतो आणि चुकतो. मापं एकाच कोपऱ्यापासून चढत्या क्रमानं, भिंतीच्या सेंटरलाइनपर्यंत (मध्यरेषेपर्यंत) द्या, आणि भिंतीची जाडी प्लास्टरसह की प्लास्टरविना ते लिहा. अशा नकाशावर सही कोणाची आहे हे गवंडी बघत नाही. मुकादम बघतो, हे मात्र कबूल.

बिनकडीचं दार

गळतीचं एक कारण कुणी बोलत नाही: साइटवर संडास नसतो. मग ज्युनिअर मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही, भेट दोन तासांत उरकते, आणि 'हिला साइटमध्ये रस नाही' असा शेरा बसतो. आर्किटेक्ट निदान गाडीत बसून निघून तरी जाते. बिगारी बायका दिवसभर तिथेच असतात.

हा खर्च टेंडरच्या बीओक्यूमध्ये (कामाच्या बाबींच्या यादीत) स्वतंत्र आयटम म्हणून घाला. 'किरकोळ' सदरात टाकला की तो होत नाही. आयटममध्ये एवढं लिहा: आतून ९०० × १२०० मिमीची खोली, भारतीय बैठकीचं भांडं, दार आतून लागणारं आणि खाली फट नसलेलं, पिशवी-ओढणी अडकवायला खुंटी, दिवा, २०० लिटरचं पिंप आणि ते रोज भरायची जबाबदारी कुणाची, झाकणाचा कचराडबा. दर २५ स्त्रियांमागे एक हा साधा हिशोब. दार मजुरांच्या बसण्याच्या जागेकडे उघडू नये. किल्ली वॉचमनकडे ठेवण्याची पद्धत तर बंदच करा, किल्ली मागावी लागली की वापर थांबतो.

पाळणाघराचं तसंच. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात ५० हून जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची तरतूद होती. आकडा ५० च्या आत राहावा म्हणून बायका तीन पोटठेकेदारांच्या हजेरीत वाटल्या जात. हजेरी एकत्र मागा.

सेफ्टी शूज चार-पाच नंबरचे आधी मागवून ठेवावे लागतात, साइटच्या ढिगात सहसा सातच्या पुढचेच असतात. मोठा बूट शिडीवर अडकतो. हार्नेसचं, म्हणजे उंचावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांचंही तेच: छातीचा पट्टा ढिला राहिला तर पडताना माणूस त्यातून निसटू शकतो.

कडाप्पा

मी इंटिरियरची. 'बायकांना किचन चांगलं जमतं' म्हणून कामं येतात, आणि तयार मॉड्युलर किचन मात्र ८६ ते ९० सेंमी उंचीचं येऊन पडतं. आता मापं घ्या. पाच फुटी बाईचं कोपर जमिनीपासून सुमारे ९५ सेंमीवर असतं. ओटा कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली हवा, म्हणजे ८० ते ८५. पोळ्या लाटायला आणखी ५-७ सेंमी खाली. त्याहून उंच ओट्यावर लाटताना खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान धरते.

सगळ्यात जास्त फसतं ते शेगडीपाशी. ओट्यावर ठेवलेली शेगडी दहा-बारा सेंमी उंची खाते, त्यावर कुकर ठेवला की आत डोकावता येत नाही. म्हणून शेगडीपुरता ओटा तेवढाच खाली घ्या, किंवा ओट्यात बसवलेला हॉब घ्या. सिंकचं उलटं. हात चालतात ते सिंकच्या तळाशी, कडेपाशी नाही. तळ २० सेंमी खोल असतो, म्हणून सिंकचा भाग ५ ते ८ सेंमी उंच. ओट्याच्या उंचीतली ही पायरी शेगडीला लागून नको, गरम पातेलं सरकवताना ठेच लागते.

आणि मापाची रेघ कोब्यावरून (फरशीखालच्या काँक्रीटवरून) मारू नका. मसाला आणि टाइल मिळून ५० मिमी सहज वर येतं, ८२ चा ओटा ७७ चा होतो. तयार फरशीची पातळी आधी ठरवा, तिच्यापासून एक मीटरवर चारही भिंतींवर रेघ मारा आणि सगळं त्या रेघेवरून मोजा. वरची कपाटं ओट्यापासून ५५ ते ६० सेंमीवर. दोन फूट खोल ओट्यावरून हात पुढे करून पाच फुटी बाईचा हात तिसऱ्या फळीपर्यंत जात नाही, तिथे ड्रॉइंगमध्ये बरण्या दाखवणं बंद करा.

मार्गारेटे शुट-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टनं १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, साधारण १.९ × ३.४ मीटरचं. पावलं आणि वेळ मोजून केलेलं. आजच्या फिटेड किचनचं मूळ तेच मानतात. कौतुक आहेच, पण ते एका बाईसाठी होतं. आपल्याकडे सणाला तिघी उभ्या असतात. एकीला मागे ९० सेंमी मोकळी जागा पुरते, दोघी एकमेकींच्या मागून जायच्या असतील तर १२० लागतात.

रेघोटी

कडाप्पा, याला म्हणतात प्रतिसाद. घर वापरणाऱ्या बायकांनी स्वतः मापं ठरवल्याचं उदाहरण आहे का कुणाकडे?

चौदा फूट

आहे. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची महिला मिलन ही संघटना. स्पार्क संस्थेसोबत त्यांनी १९८० च्या दशकात आपल्या घराचा नमुना ठरवला. १४ फूट उंच खोली आणि आत पोटमाळा. जमीन तेवढीच, झोपायची जागा जवळजवळ दुप्पट. त्यांनी तो नमुना पूर्ण मापात उभा करून लोकांना दाखवला.

ही पद्धत कुठल्याही कामात चालते. मैदानात चुन्यानं आखणी करा, कोपऱ्यांना बांबू, भिंतींना जुन्या चादरी, पोटमाळ्याच्या उंचीला सुतळी. मग बायकांना खाट, पिंप, शेगडी खरोखर मांडायला सांगा. कागदावरचा नकाशा 'ठीक आहे' म्हणून पास होतो, चादरीच्या खोलीत मात्र दार उघडलं की खाटेला लागतं ते लगेच कळतं. पोटमाळ्याखाली किमान सव्वासात फूट धरा, स्लॅबची जाडी वजा करून वर साधारण सहा फूट उरतात. वर छताचा पंखा लावायचा नाही, भिंतीवरचा लावायचा.

तिसरं नाव

नव्या मुंबईची कल्पना १९६४ मध्ये तिघांनी मांडली: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. पहिलं नाव बहुतेकांना माहीत असतं, दुसरं काहींना. प्रवीणाबाई स्वतःची प्रॅक्टिस करणाऱ्या आर्किटेक्ट होत्या, कुणाच्या मदतनीस नव्हे. तिकडे अमेरिकेत आर्किटेक्ट डेनिस स्कॉट ब्राउन यांचं तेच: वास्तुरचनेतलं १९९१ चं प्रिट्झकर पारितोषिक त्यांचे पती आणि भागीदार रॉबर्ट व्हेंचुरी यांना एकट्याला मिळालं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी त्यांचंही नाव जोडावं म्हणून अर्ज मोहीम काढली, समितीनं जुना निर्णय बदलायला नकार दिला.

उपाय नंतर शोधून उपयोग नसतो, पहिल्या ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकपासून (नकाशावरच्या नावांच्या चौकटीपासून) लागतो. 'डिझाइन', 'ड्रॉन' (कुणी रेखाटलं), 'चेक्ड' हे तीन रकाने वेगळे ठेवा आणि डिझाइन करणारीचं नाव 'ड्रॉन'मध्ये जाऊ देऊ नका. मासिकाला किंवा स्पर्धेला प्रकल्प जातो तेव्हा नावांची यादी बहुधा मार्केटिंगवाला बनवतो, आणि तो टायटल ब्लॉकच बघतो.

कलमदान

वरच्याला कायद्याची जोड देते. नोकरीत केलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट मालकाचा, पण १९५७ च्या कायद्याचं कलम ५७ सांगतं की कॉपीराइट गेला तरी 'हे माझं काम' म्हणण्याचा हक्क करणारीकडेच राहतो. फ्रीलान्स काम असेल आणि लेखी हस्तांतर केलं नसेल तर कॉपीराइटही तिचाच. म्हणून 'ऑल राइट्स असाइन्ड' असं छापलेल्या पर्चेस ऑर्डरवर डोळे मिटून सही करू नका.

आता खरी गोम. प्रसूती रजेचे २६ आठवडे मिळतात ते दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर. आपली बहुतेक ऑफिसं सात-आठ जणांची. शिवाय पगाराऐवजी दहा टक्के टीडीएस कापून 'प्रोफेशनल फी' देतात, म्हणजे पीएफ नाही आणि कागदावर तुम्ही कर्मचारीच नाही. वीस-बावीस हजारांवर टीडीएस परत मिळतो म्हणून मुली खूश असतात, रजेची वेळ आली की कळतं. नेमणूकपत्रात 'नोकरी' की 'रिटेनरशिप' (फीवरचं काम) हे रुजू होण्याआधी वाचा. छोट्या ऑफिसात कायदा नसला तरी करार करता येतो: किती आठवडे, किती टक्के पगार, परत आल्यावर कोणता प्रकल्प. लेखी.

लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा मात्र लहान ऑफिसलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समितीऐवजी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इंटर्न, कंत्राटी, बिनपगारी शिकाऊ, सगळ्या त्यात येतात. कामानिमित्त गेलेली साइट आणि ऑफिसनं दिलेली गाडी हीसुद्धा कामाची जागाच. तक्रारीची मुदत ३ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३.

लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर आर्किटेक्टच्या कौन्सिलची नोंदणी, पॅन आणि पालिकेचं लॉगिन तिन्ही एकदम बदला, नाहीतर कुठलंच नको. एकात माहेरचं, दुसऱ्यात सासरचं असलं की फाइल अडकते आणि मग सही ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाची जाते. घरी बसायचा काळ असला तरी नोंदणीचं नूतनीकरण थांबवू नका. नाव नोंदवहीतून निघालं तर १९७२ च्या कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही.

चुनखडी

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत बायकांचं काम उठून दिसतं: मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रल बृंदा सोमाया यांचं, रॉयल ऑपेरा हाउस आभा नारायण लांबा यांचं. दोन्हींना युनेस्कोची पारितोषिकं आहेत. त्यावरून 'हे नाजूक काम, बायकांना बरं' असा समज झालाय. परांचीवर चढून सांधे ठोकून बघणाऱ्याला विचारा किती नाजूक ते.

इथे भांडण सिमेंटशी असतं. ठेकेदार म्हणतो, 'मॅडम, चुना कशाला, सिमेंट पक्कं.' कारण सांगता आलं तर तो ऐकतो. जुन्या भिंतीत शिरलेली ओल सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटनं सांधे बंद केले की ती दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागावर येऊन फुगतात आणि मालाड किंवा पोरबंदर दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा निदान २० ते २५ मिमी खोल खरवडायचा, आणि तोही छिन्नीनं. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच. मग ब्रशनं धूळ काढून पाणी मारायचं. कोरड्या दगडावर चुना भुकटी होऊन गळतो. विरवलेल्या चुन्याला दोन ते तीन भाग चाळलेली वाळू, पाणी कमीत कमी. आठवडाभर ओली पोती. भर उन्हात हे काम करायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

ओळंबा

चुनखडी, या तपासणीची मोजणीही इन्स्ट्रक्शन बुकातच घ्या. खरवडलेल्या सांध्यात टोकदार सळई घालून खोली मोजायची, दर चौरस मीटरला तीन ठिकाणी, आणि आकडे ठेकेदाराच्या माणसाच्या सहीसह. सांधा भरल्यावर आत किती खोल गेलं ते कुणालाच दिसत नाही, आणि बिल मात्र पूर्ण खोलीचं येतं.