उभी जोडी काढू नका

कोणीतरी लिहिलंय की रिमोटवरचं मॉडेल विमान हवेत आपोआप सपाट ठेवायला आडवे चार थर्मोपाइल (समोरून येणारी उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड, मोजणारे सेन्सर) लावले की पुरे, वर-खाली बघणारी उभी जोडी म्हणजे उगाच वजन. कोरड्या, निरभ्र हवेत एकदा कॅलिब्रेट करून हे चालेलही, पण मुंबईत मला अजिबात पटत नाही. या सेन्सरची सगळी मदार थंड आकाश आणि उबदार जमीन यांतल्या फरकावर असते. इथल्या दमट हवेतली वाफ स्वतःच इन्फ्रारेड सोडते, आणि पावसाळ्यात खाली उतरलेले ढग तर जवळजवळ जमिनीइतकेच उबदार दिसतात. फरक घटला की तेवढ्याच कलाला सिग्नल कमी येतो आणि दुरुस्ती लुळी पडते. उभी जोडी हा फरक उडतानाच मोजत राहते. आडव्या जोडीच्या व्होल्टेजला तिच्या व्होल्टेजने भागून आर्कटॅन (टॅनचं उलट फल) घेतला की कलाचा कोन मिळतो. पापाराझी या ओपन-सोर्स ड्रोन ऑटोपायलटमध्येही उभा सेन्सर याचसाठी होता.

किनाऱ्यावर मात्र तीही पुरत नाही. दुपारी एका बाजूला तापलेली जमीन, दुसरीकडे त्यामानाने गार समुद्र, म्हणजे सपाट विमानालाही जमिनीकडचा पंख खाली गेलाय असं वाटतं आणि ते समुद्राकडे कलतं! तिथे उडवणाऱ्यांनी स्थिरीकरण बंद करायचा स्विच रिमोटवर ठेवाच. आणि खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायला सेन्सरपुढे काच किंवा अ‍ॅक्रिलिक लावू नका, हे लांब लहरीचं इन्फ्रारेड त्यातून जातच नाही. पातळ पॉलिथिनमधून बऱ्यापैकी जातं.