मदत हवी आहे: ओमानमधल्या कॉलेजात पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस नव्याने बसवायचं आहे

सोहारवासी

नमस्कार मंडळी,

ओमानमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॅल्क्युलस-१ चं समन्वयकपद गळ्यात पडलं आहे. मुलं सरकारी अरबी माध्यमाच्या शाळांतून येतात. मग फाउंडेशन, म्हणजे २००८च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे इंग्रजी, गणित, संगणक आणि अभ्यासकौशल्यं. त्यानंतर आमच्याकडे. इथे लेक्चर, पुस्तक, पेपर सगळं इंग्रजीत. चार तुकड्या, १२० च्या आसपास मुलं, १५ आठवडे, आठवड्याला ३ लेक्चर आणि १ ट्यूटोरियल.

नियम लावून डेरिव्हेटिव्ह काढायला सांगितलं तर बरीच मुलं काढतात. तेच गणित दोन वाक्यांत घालून दिलं की कागद कोरा. असमानता आणि संयुक्त फंक्शन (एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्यात घालायचं) इथे हमखास उलटसुलट होतं. विभागात तीन मतं आहेत: सिलॅबस कापा, पुस्तक बदला, अरबीत शिकवा. सप्टेंबरच्या आत काहीतरी लेखी प्रस्ताव द्यायचा आहे. आखातात किंवा अन्य अरब देशांत शिकवलेल्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

ज्या_कोज्या

सिलॅबस आणि पुस्तक तूर्त बाजूला ठेवा. मुलं बारावीपर्यंत कोणती चिन्हं वापरत होती ते आधी बघा, कारण 'अरबी माध्यम' सगळीकडे सारखं नसतं.

मोरोक्कोत वाक्य अरबीत असलं तरी समीकरण लॅटिन अक्षरांत, डावीकडून उजवीकडे. इजिप्तच्या सरकारी शाळांत समीकरणही उजवीकडून: एक्सच्या जागी सीन हे अरबी अक्षर, वायच्या जागी साद, फंक्शनला दाल, लिमिटला 'नहा', साइनला 'जा', कोसाइनला 'जता', आणि वर्गमूळाचं चिन्ह आरशात बघितल्यासारखं. आखातात देशागणिक आणि पुस्तकाच्या आवृत्तीगणिक फरक पडतो. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. अकरावी-बारावीची पुस्तकं मुलांकडूनच मागवा आणि फंक्शन, लिमिट, त्रिकोणमिती हे तीन धडे उघडून बघा. (हा 'जा' म्हणजे 'जैब'चं लघुरूप, आणि जैब निघाला संस्कृत 'जीवा'तून. आपण भूमितीत वर्तुळाची जीवा काढतो तीच. फिरून परत आपल्याच वर्गात आली म्हणायची.)

आता बिघडतं कुठे ते बघा. बेरीज-गुणाकार कुठूनही वाचा, उत्तर तेच येतं, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने झाकलेली राहते. वजाबाकी, भागाकार, क्रमित जोडी, संयुक्त फंक्शन, मॅट्रिक्सचा गुणाकार आला की ती बाहेर पडते. (३, ५) ही जोडी उजवीकडून वाचणाऱ्याचा एक्स ५ असतो. त्याचा आलेख चुकला म्हणून त्याला आलेख येत नाही असं धरू नका.

आकड्यांचंही तेच. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, अरबी शून्य नुसतं टिंब असतं आणि अरबी सहा इंग्रजी सातासारखा. घाईत मुलगा मधली पायरी जुन्या आकड्यांत लिहितो. अरब सहकारी ती बरोबर वाचतो, आपण पाचाला शून्य समजून गुण कापतो. एकाच उत्तराला दोन तुकड्यांत वेगवेगळे गुण! तपासणीच्या सूचनांत हे आकडे छापून टाका.

उपाय म्हणजे एक ए-फोर पान, तीन रकाने: शाळेतलं चिन्ह, इथलं चिन्ह, आणि इथलं चिन्ह इंग्रजीत मोठ्याने कसं वाचायचं. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी गाळतात आणि तिथेच फसतं. मुलाला चिन्ह ओळखता येतं, पण लेक्चरमध्ये ते कानावर पडतं तेव्हा डोळ्यासमोर काहीच येत नाही. ३० ओळींच्या वर जाऊ नका. मिडटर्मपर्यंत हे पान परीक्षेत जवळ ठेवू द्या, नंतर काढून घ्या.

सरळरेषा

वरच्याला +१. आपल्याकडे मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाची तारांबळ सगळ्यांना ठाऊक आहे, सेमी-इंग्रजी त्यातूनच फोफावलं. पण त्या मुलाला निदान समीकरण तरी त्याच दिशेने वाचायचं असतं. इथे भाषा, दिशा आणि आकडे तिन्ही एकदम बदलतात, आणि तेही लेक्चर चालू असताना.

अंशछेद

चिन्हांचं पान कराच, पण ते किती मुलांना लागू आहे हे मोजल्याशिवाय प्रस्ताव लिहू नका. पहिल्याच आठवड्यात ४० मिनिटांची चाचणी घ्या, गुण न धरता. १६ प्रश्न, चार गट:

गट १: नुसती चिन्हं, एकही शब्द नाही.
गट २: तीच गणितं इंग्रजी वाक्यांत, आकडे बदलून.
गट ३: तीच अरबी वाक्यांत, पुन्हा आकडे बदलून.
गट ४: फक्त दिशा. वजाबाकी, क्रमित जोडी, संयुक्त फंक्शन, असमानता.

पहिल्या तीन गटांत कल्पना त्याच चार: अपूर्णांकाचं सोपं रूप, एकरेषीय असमानता, फंक्शनची किंमत, दर. निम्म्या मुलांना गट २ आधी, निम्म्यांना गट ३ आधी द्या. नाहीतर आधी सोडवलेलं नंतरच्याला मदत करतं आणि तुलना बिघडते.

वाचायचं असं: १ आणि ३ बरे, २ पडला तर अडचण इंग्रजीची. १ बरा, ४ पडला तर दिशेची. २ आणि ३ दोन्ही पडले आणि १ बरा, तर शब्दांतून समीकरण मांडणंच येत नाही, भाषा कुठलीही असो. आणि १ च पडला तर कच्चं बीजगणित. तिथे ना चिन्हांचं पान कामाचं ना अरबी. अपूर्णांक, घातांक, कंस सोडवणं यांची जादा ट्यूटोरियल लावा, पहिले ६ आठवडे.

२०१९च्या टिम्समध्ये (शाळकरी मुलांच्या गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी) आठवीच्या गणितात ओमान ४११, सौदी ३९४, अमिराती ४७३, आणि मोजपट्टीचा मध्य ५००. म्हणजे शेवटची शक्यता चांगलीच दाट आहे. तरी हे देशाचे आकडे, तुमच्या तुकडीचा निकाल त्यावरून लावू नका.

एक सावधगिरी. इंग्रजीत 'एक्सपेक्षा पाचाने कमी' म्हणताना पाच आधी येतो, म्हणून मुलं ५ − एक्स लिहितात. ही चूक इंग्रजी मातृभाषेची मुलंही करतात, ती अरबीच्या खात्यावर टाकू नका. गट ३ चं भाषांतरही यंत्रावर सोडू नका. एकाने अरबीत करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही ताडून बघायचं.

सोहारवासी

बापरे, हे सोनं आहे. दोन शंका. व्यवस्थापनाकडे अरबीत शिकवण्याची मागणी करण्यात अर्थ आहे का? एक इजिप्शियन सहकारी वर्गात तसंही अरबीत समजावतात आणि बाकी तुकड्यांची मुलं कुरकुरतात. दुसरं, आमच्याकडे मूडल (ऑनलाइन वर्ग आणि गृहपाठाची प्रणाली) आहे, त्याचा गृहपाठासाठी नीट उपयोग होईल का?

तिसरा_बाक

मागणी करू नका, मिळणार नाही आणि सप्टेंबर हातचा जाईल. मोरोक्कोकडे बघा. शाळेतलं गणित-विज्ञान टप्प्याटप्प्याने अरबीत नेत १९९०च्या सुमारास बारावीपर्यंत पोचवलं, पण विद्यापीठात विज्ञान फ्रेंचमध्येच राहिलं. पोरं बारावीला एका भाषेत पास आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या भाषेत गार. शेवटी २०१९च्या ५१-१७ या चौकट कायद्याने शाळेतच हे विषय फ्रेंचमध्ये शिकवायची वाट पुन्हा मोकळी केली. एवढा मोठा फेरा एका कॉलेजच्या प्रस्तावाने फिरत नाही. सीरियात विद्यापीठातलं वैद्यकसुद्धा अरबीत शिकवतात, पण तिथे पुस्तकं आणि शिक्षक त्याच भाषेत तयार आहेत.

तुमच्या हातात आहे ते एवढं: लेक्चर इंग्रजीत, ट्यूटोरियलमध्ये बोलणं अरबीत चालेल, फळ्यावरचं लिखाण मात्र इंग्रजी चिन्हांतच. इजिप्शियन सहकाऱ्यांना एका तुकडीला बांधून ठेवू नका, त्यांची ट्यूटोरियल चारही तुकड्यांत फिरवा. कुरकुर तिथेच थांबेल. पेपरच्या खाली 'निदान', 'जास्तीत जास्त', 'जर आणि तरच', 'समजा' अशा शब्दांचे अरबी अर्थ छापा. व्याख्येतल्या अवघड संज्ञांपेक्षा हे बारके शब्दच जास्त मुलांना पाडतात.

अंशछेद

मूडलला स्टॅक हा गणिताची उत्तरं आपोआप तपासणारा प्रश्नप्रकार जोडून घ्या, फुकट आहे. मागे मॅक्सिमा हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर चालतं, त्यामुळे उत्तर वेगळ्या रूपात लिहिलं तरी बरोबर धरतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे ठरावीक चुकीला ठरावीक शेरा देता येतो. संयुक्त फंक्शनच्या प्रश्नात मुलाचं उत्तर उलट्या क्रमाच्या उत्तराशी जुळलं, तर 'चूक' न म्हणता 'क्रम उलटा वाचलात' असा शेरा लावा. सत्राअखेर हा शेरा किती जणांना गेला ते मोजलं की दिशेची अडचण कमी झाली का ते कळतं.

आकडे जपून निवडा. दोन्ही फंक्शनं 'एक्स अधिक काहीतरी' अशी ठेवली तर दोन्ही क्रमांनी एकच उत्तर येतं आणि शेरा कधी लागतच नाही. एक 'एक्स अधिक अ', दुसरं 'ब गुणिले एक्स' ठेवा. अ २ ते ६ आणि ब २ ते ५ यांतून यादृच्छिक घेतले की दोन क्रमांची उत्तरं कधीच सारखी येत नाहीत.

अरबी सूचना लिहिताना समीकरण साध्या मजकुरात कधीच टाकू नका. उजवीकडून चालणाऱ्या परिच्छेदात तुम्ही मोकळ्या जागा सोडून ५ − ३ टाइप केलंत तर पडद्यावर डावीकडून ३ − ५ असं दिसतं. आधी अरबी अक्षर असेल तर जागा न सोडताही उलटतं. टाइप करणाऱ्याला वाटतं आपण बरोबर लिहिलं. प्रत्येक समीकरण, अगदी एका वजाबाकीचंसुद्धा, लाटेक्समध्येच (गणित मांडायची संगणकी लेखनपद्धत) घाला.

ज्या_कोज्या

वेळापत्रकाचंही बघा. रमजान दरवर्षी साधारण १०-११ दिवस अलीकडे येतो आणि त्यात तासिका छोट्या होतात. सध्या तो वसंत सत्रात पडतोय, म्हणून सप्टेंबरला बसवलेली घडी फेब्रुवारीत जशीच्या तशी लावू नका. जादा ट्यूटोरियल रमजानच्या आधी संपवा. आणि दोन भाषांतला पेपर छापायला जाण्याआधी कागदावर काढून दोघांनी वाचायचा: एक अरबी येणारा, एक न येणारा. उलटलेलं समीकरण दुसऱ्याच्याच नजरेत येतं, पहिला ते नकळत सरळ करून वाचतो.

सोहारवासी

सगळ्यांचे आभार. सिलॅबस कापण्याचं कलम प्रस्तावातून तूर्त काढलं. चाचणीचा मसुदा रविवारी इथेच टाकतो. गट २ ची वाक्यं आणखी सोपी करता येतात का, तेवढं कुणीतरी बघा.