शेफ पार्टी, पण गॅसशिवाय?

लेकीला आठव्या वाढदिवसाला ‘शेफ पार्टी’ हवीय. बारा पोरं, घोडबंदर रोडवरचा आमचा काडेपेटीएवढा हॉल. गॅस नकोच. काय करून घेऊ?

— भेळ आणि सँडविच. उकडलेला बटाटा, काकडी बटर नाइफने कापू देत. कांदा मात्र तूच आधी चिरून ठेव.

— भेळ शेवटी कालव गं! आमच्याकडे केक कापेपर्यंत कुरमुऱ्यांचा लगदा झाला. सोफ्यावर चिंचेच्या चटणीचा पंजा अजून आहे. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, ते आयांना आधीच विचार.

— एप्रन विकत कशाला? जांभळी नाक्यावरून मांजरपाट आण, नाड्या लाव.

— ठरलं, भेळच! सोफा बेडरूममध्ये ढकलते. शिलाई मशीन आहे का कुणाकडे?