तानपुरा: तयार घ्यावा की आपल्या सुराप्रमाणे करून घ्यावा?

गानवेल: मुलीचा सूर काळी ४ (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी). दुकानात आणि ऑनलाइनही 'लेडीज' आणि 'जेंट्स' असे दोनच प्रकार मिळतात. मिरजेत ऑर्डर देऊन करून घेतला, तर जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळतं?

खर्ज_षड्ज: मुख्य फरक तारेच्या लांबीचा. तीच तार, तीच लांबी ठेवून सूर चढवला, की ताण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काळी १ साठी केलेला तानपुरा काळी ४ ला चढवलात तर ताण सव्वादोनपट होतो. तारा तुटतात, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) दबते, भोपळा आणि दांडीचा सांधा उघडायला लागतो. उलट छोटा तानपुरा खाली उतरवला तर तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात. मात्र काळी ४ आणि काळी ५ एवढ्याच फरकासाठी वेगळा तानपुरा करू नका. तो ताण पावपटच वाढतो. तारांची जाडी बदलून भागतं.

जवारीवेडा: वर एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: जवारी, म्हणजे नाद खुलावा म्हणून घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) माथ्याला दिलेला घाट. घोडीचा माथा किती गोलाईने घासायचा हे तारेची जाडी आणि ताण बघून ठरतं. दुकानातल्या तानपुऱ्याची जवारी कुठल्यातरी सरासरी सुराला काढलेली असते, म्हणून तुमच्या सुरात तो बंद वाजतो. तपासायला सूत (तार आणि घोडी यांच्यामधला दोरा) हळूहळू मागेपुढे सरकवा. नाद घोडीच्या मधल्या भागात खुलला पाहिजे. सूत अगदी कडेला नेल्यावरच खुलत असेल तर जवारी पुन्हा लावावी लागेल. नव्या घोडीत तारांचे चरे पडतात, तेव्हा पहिल्या वर्षात एकदा लावून घेण्याची बोली आधीच करा.

ऑर्डर देताना एवढं सांगा: सूर, जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांची जाडी (काळी ४ ला साधारण ०.२८ ते ०.३० मिमी पोलाद), खर्जाला (शेवटच्या, खालच्या षड्जाच्या तारेला) पितळी तार, आणि पहिली तार कशाकशाला लावणार ते. मालकंसाला मध्यम आणि मारव्याला निषाद लावायचा असेल तर त्या एकाच तारेचा ताण जवळजवळ दुप्पट होतो. कारागिराला हे माहीत असलं की तो तारेची जाडी त्या हिशेबाने निवडतो.

गानवेल: मिरजेच्या तानपुऱ्याला जीआय मानांकन आहे ना? मग तिथला तयार घेतला तर?

खर्ज_षड्ज: आहे, २०२४ मध्ये मिळालं. पण ते वाद्य कुठलं हे सांगतं, तुमच्या सुराचं आहे का हे नाही. तयार घ्यायचा तर तिथे बसून काळी ४ ला लावून किमान अर्धा तास वाजवा. तेवढ्यात जोड उतरत असेल तर खुंट्या नीट बसलेल्या नाहीत. मुलगी लहान असेल, सूर अजून ठरला नसेल, तर ऑर्डर थांबवा. तोवर तयार चालेल.

जवारीवेडा: आणि कुरिअरने मागवू नका, स्वतः आणा. प्रवासात तारा उतरवून ठेवा, पण त्याआधी घोडीच्या जागेवर पेन्सिलीने खूण करा. घोडी जरा सरकली तरी जवारी बिघडते.