‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचं?

गोदाकाठ, नांदेड
गेल्या पावसाळ्यात मैत्रिणीला अपघात झाला. नऊ वर्षं तिच्यासोबत एकाच घरात राहणारी तिची जोडीदार दवाखान्यात फॉर्म भरत होती. ‘रुग्णाशी नाते’पाशी पेन थांबलं. शेवटी तिनं ‘बहीण’ लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं दोघींच्या आधारवरची आडनावं बघितली अन् म्हणाला, सख्खं कुणी बोलवा. सहा वर्षं बोलणं टाकलेला भाऊ परभणीहून आला, तेव्हा कुठं सही झाली.

समलिंगी विवाहाबाबतच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे पाचही न्यायमूर्ती म्हणाले, विवाह हा मूलभूत हक्क नाही. मला हे पटत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं कलम ४ ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’नीच सुरू होतं. पुरुष २१, स्त्री १८ हे येतं वयाच्या अटीत. तेवढ्या एका ओळीनं अख्खं दार बंद? संविधानातलं समतेचं कलम १४ आणि जीवन-स्वातंत्र्याचं कलम २१ मग कशासाठी आहेत?

वकीलकाका, धाराशिव
ताई, त्या दोघींबद्दल वाईट वाटलं. पण कायदा एका ओळीचा नसतो. त्याच कायद्यात पोटगी पत्नीला आहे, पतीला नाही. घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीला मिळतात. दोन बायकांत पत्नी कोण? वारसा तर पुढचाच गुंता. हे सगळं कोर्टानं नव्यानं लिहायचं म्हणजे कोर्टच संसद झालं. तुम्ही निम्मंच सांगितलंत. त्याच पाचांतल्या न्यायमूर्ती चंद्रचूड आणि कौल यांनी अशा जोडप्यांच्या नात्याला मान्यता मिळण्याचा हक्क मानला होता, तो ३ विरुद्ध २ असा पडला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. आता रस्ता दिल्लीच्या सभागृहातूनच.

मोंढा_नाका
सोयाबीनला भाव नाही, ऊसतोडीला जायच्या आधी बीडात पोरींची लग्नं उरकायलेत, अन् आपण कामून हे पुण्या-मुंबईचं घेऊन बसलो? गावात इचारा, एक तरी माणूस हो म्हणेल का?

गोदाकाठ
दादा, नांदेडचा दवाखाना पुण्यात नाही. अन् गावाला विचारून हक्क द्यायचे असते तर विहिरी कधी खुल्या झाल्या असत्या?

वकीलकाका, सभागृहाची वाट आपल्या इतकी कुणी बघितली? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ ला झाला, पाटी लागली १४ जानेवारी १९९४ ला. तीही नामविस्ताराची. मधल्या वर्षांत माणसं मेली, वस्त्या जळाल्या.

वकीलकाका
म्हणूनच म्हणतो. तो ठराव लोकांच्या प्रतिनिधींनी केला, आणि सोळा वर्षांनी का होईना, लोकांनी पचवला. वरून आलेला हुकूम कागदावर राहतो.

गोदाकाठ
२०१८ साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंडविधानाच्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध कोर्टानंच वगळले ना? तो हुकूम पोलिसांना लागू झालाच की.

अंबाजोगाईची_सून
मी वेगळंच भांडते. माझं लग्न आंतरजातीय, त्याच विशेष विवाह कायद्याखालचं. ३० दिवसांची नोटीस कार्यालयाच्या बोर्डावर लागते. आमची लागली अन् तिसऱ्या दिवशी माझे मामा नवऱ्याच्या दारात. मुलगा-मुलगी असून ही गत! उद्या तुम्हाला हक्क मिळाला तर तालुक्याच्या गावात दोन पोरींची नावं, पत्ते त्याच बोर्डावर लागतील. गोदाताई, तुम्ही आधी कायद्यात आत घ्या म्हणताय. मी म्हणते, आधी तो बोर्ड काढा.

गोदाकाठ
हे सुचलंच नव्हतं. तरी बोर्ड निघेपर्यंत थांबा असं त्या दोघींना सांगणार नाही.

मोंढा_नाका
मामाचं पुढं काय झालं?

अंबाजोगाईची_सून
बारशाला आले. चांदीचा वाळा आणला. मधली चार वर्षं इचारू नका.

वकीलकाका
भांडण चालू ठेवू, पण कामाचं सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं स्पष्ट केलंय की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला बंदी नाही. ते आधी करा. मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्रही करून ठेवा. त्या दोघींना माझ्याकडे पाठवा, फी नको. माझं मत मात्र तेच आहे.

गोदाकाठ
पाठवते. काका, मुखत्यारपत्रात नात्याचा रकाना असतो का हो?

वकीलकाका
नाही. नाव, वय, धंदा, पत्ता. बास.