मोटार होती, तर कॅथी पळाली का नाही?

नौपाडेकर : घोडबंदरकरांनी परवा काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो'चा निकाल तीन वाक्यांत लावला. पात्रे पळून जात नाहीत म्हणून ती पटत नाहीत, विज्ञानकादंबरी म्हणावी तर विज्ञान औषधालाही नाही, आणि नोबेलमुळे सगळे माना डोलावतात. कादंबरी २००५ची आणि नोबेल २०१७चे, एवढे सांगून तिसरा आरोप बाजूला ठेवतो. पहिल्याने मात्र माझी झोप घालवली. अवयव काढून घेण्यासाठीच क्लोनिंगने, म्हणजे दुसऱ्या माणसाची प्रत म्हणून, जन्माला घातलेल्या हेल्शम या निवासी शाळेतल्या मुलांना हे सत्य एके दिवशी सांगितले जात नाही. ते समजण्याचे वय होण्याआधीपासूनच थोडेथोडे कानांवर पडत राहते, त्यामुळे ते खरोखर उमगते तेव्हा धक्का बसायला जागाच उरलेली नसते. पुढे त्यांतलीच कॅथी आणि टॉमी धीर एकवटून, शाळेतून मुलांची चित्रे नेणाऱ्या मादामच्या दारात उभे राहतात, तेव्हा ते सुटका मागत नाहीत; प्रेम खरे असल्यास मिळते अशी वदंता असलेली तीन वर्षांची मुदतवाढ मागतात. 'मुदतवाढ' हा शब्द ज्याला टोचला नाही, त्याने शेवटची प्रकरणे उभ्याउभ्या वाचली असावीत.

घोडबंदरकर : पुस्तक बसून वाचले आहे, धन्यवाद. कॅथी ३१ वर्षांची आहे, जवळजवळ बारा वर्षे अवयव काढून घेतलेल्यांच्या शुश्रूषेचे काम करते, स्वतः मोटार चालवत इंग्लंडभर एकटी फिरते, आणि तिला अडवणारे कुंपण किंवा पहारेकरी लेखकाने कोठेही दाखवलेले नाहीत. माझे वडील सोळाव्या वर्षी तिकिटाचे पैसे नसताना कोकणातून बोटीत चढून मुंबईस पळून आले. त्यामुळे 'पळण्याचा विचारच सुचत नाही' हे मला पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान वाटते. विज्ञानाबद्दल म्हणाल, तर नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवली होती. त्या कथेतून कृष्णविवर काढले तर कथाच उरत नाही. येथे क्लोनिंगच्या जागी एखाद्या ऋषीचा शाप घातला, तरी काही बिघडणार नाही.

कळवेकर : बिघडेल. शापाचा लाभ कोणाला होत नाही. येथे या अवयवांमुळे कर्करोग बरा होऊ लागल्यावर समाज मागे फिरायला तयार नाही, हे हेल्शमच्या प्रमुख मिस एमिली स्वच्छ सांगतात. त्या मुलांना आत्मा आहे की नाही, हे चित्रे गोळा करून सिद्ध करावे लागते, ते याच सोयीमुळे. विज्ञान तेथे आहे. प्रयोगशाळा नाही, इतकेच.

नेरूळची वाचक : आपण सगळे पळण्यावर भांडत आहात, माझा आक्षेप वेगळा आहे. पाच वर्षांपूर्वी मी यजमानांना माझे मूत्रपिंड दिले. त्याआधी दोन वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी वाशीला जाणे-येणे चालू होते. अशा घरात 'दान' या शब्दाला कसाईखान्याचा वास लावणारी कादंबरी कौतुकाने वाचायला दिली जाते, याचा मला राग येतो. पुस्तक भेट देणाऱ्या नातेवाइकांनी स्वतःचा रक्तगटही तपासून घेतला नव्हता, ते असो.

घोडबंदरकर : ताईंच्या त्यागाबद्दल आदर आहे, परंतु घरच्या आजारपणावर कादंबरीची परीक्षा होऊ शकत नाही.

नेरूळची वाचक : वडिलांच्या बोटीवर होऊ शकते, पण माझ्या शस्त्रक्रियेवर नाही, हा न्याय आवडला. शस्त्रक्रियेपूर्वी मला एकटीला बसवून विचारण्यात आले की, आपल्यावर कोणाचा दबाव आहे का. मी हसले, कारण दबाव कोणीच आणला नव्हता. सासूबाईंनी, दिरांनी, माझ्या आईनेही मला कधी विचारलेच नव्हते. मी देणार हे सर्वांनी धरून चालले होते, आणि त्यांच्याआधी मी स्वतःच धरून चालले होते. यजमानांच्या जागी मी असते, तर घरात बैठका झाल्या असत्या. मला पश्चात्ताप नाही, आणि तो असावा असे कोणी सुचवू नये.

नौपाडेकर : ताई, कादंबरीच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला देता आला नसता. मोटार दारात असूनही कॅथी का पळत नाही, याचे उत्तर आपण दिलेत.

नेरूळची वाचक : माझ्या पोटावरची खूण ही तुमच्या इशिगुरोंची तळटीप नाही. मी कायद्याने, संमतीने दिले. त्या मुलांना कोणी विचारलेही नाही. हा फरक पुसून टाकणे ही वाचकाची हुशारी नव्हे, आळस आहे.

कळवेकर : हे त्यांचे बरोबर आहे, नौपाडेकर. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्याकडे बायकाच अधिक असतात, याचा विचार पुरुषांनी कादंबरीचे निमित्त न शोधता करायला हरकत नाही.

नौपाडेकर : तुलना घाईची झाली, मान्य. आपण अन्याय सोसलात असे मला म्हणायचे नव्हते. धरून चालणे या एका गोष्टीपुरतेच बोलत होतो.

नेरूळची वाचक : तेवढ्यापुरते असेल तर असेल. मैत्रीण रूथ मरणाच्या दारात असताना कॅथी तिच्या खोलीत नुसती बसून राहते, ती पाने मी दोनदा वाचली. पुस्तक तरीही कपाटात मागच्या रांगेतच राहील.

घोडबंदरकर : मोटारीचा मुद्दा मी सध्यापुरता मागे घेतो, विजयोत्सव करावा. माझे वडील पळाले, त्यांचे थोरले बंधू मात्र जन्मभर गावी भातशेती करत राहिले, आणि त्यांना पळावेसे का वाटले नाही हे आमच्या घरात कोणी विचारलेले मला आठवत नाही. नौपाडेकर हे उकरून काढतीलच, म्हणून स्वतःच सांगून टाकले. विज्ञानाबाबतचे मत कायम आहे.